खुल्या मैदानांतील मैफल आणि कलावंताची भेट

गेल्या दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. त्याच्या मागोमाग त्याचे वडीलहि आले, आणि दोघांच्या येण्याचे हेतु निरनिराळे आहेत हें पांच मिनिटांतच माझ्या ध्यानांत आलें. मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो. तेथें उन्हाळ्यांत एका शेतावर भरलेल्या रॉक संगीताच्या मेळ्यास तो गेला होता, आणि ज्या वादकाचीं गाणीं तो शाळेंत असल्यापासून ऐकत आला त्या वादकाची व त्याची तेथें प्रत्यक्ष भेट झाली. हें मला सांगावें म्हणून तो आला होता. वडील आले होते ते तक्रार घेऊन. ते म्हणाले, "गुरुजी, तिकिटापायीं आणि प्रवासापायीं यानें महिन्याची शिल्लक घालविली, तीन दिवस चिखलांत उभा राहिला, आणि घेऊन काय आला? तर म्हणे त्या माणसानें याचा हात हातांत घेतला! आतां तुम्हींच सांगा, हें शहाणपण कीं वेडेपण?"

श्रोतेहो, शाळामास्तरास निवाडा देण्याची संवय असते. परंतु ज्या विषयाची माहिती नाहीं त्यावर निवाडा देऊं नये एवढें शहाणपण मला चाळीस वर्षांच्या नोकरीनें शिकविलें आहे. म्हणून मीं दोघांकडून मुदत मागून घेतली आणि या मेळ्यांविषयीं जें मिळेल तें वाचलें. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम रॉक म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोकांचें 'ब्लूज' या नांवाचें संगीत आणि तेथील खेड्यापाड्यांतील गोऱ्या लोकांचें लोकसंगीत यांच्या मिलाफांतून १९५० नंतरच्या दशकांत हें संगीत उदयास आलें. त्याचें मुख्य वाद्य विजेची गिटार. आपल्या सतारीस भोपळा असतो. तारेचें कंपन त्या पोकळींत घुमतें आणि कानापर्यंत पोंचतें. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लाकडाचें असतें, तिला घुमण्यास पोकळी नाहीं. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. तार हालली कीं वेटोळ्यांत विजेचा अगदीं क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, यंत्र तो प्रवाह वाढवितें, आणि मग कर्ण्यांतून नाद बाहेर पडतो. म्हणजे हें वाद्य जन्मापासूनच कर्ण्याच्या आश्रयानें राहिलेलें आहे. दिवाणखान्यांत तें जितकें वाजेल तितकेंच, मोठे कर्णे दिले तर, माळावरहि वाजेल. रॉक संगीत छपराखालून मैदानांत आलें त्याचें एक कारण या रचनेंत आहे.

परंतु मैदानांत येणें सोपें गेलें नाहीं. १५ ऑगस्ट १९६५ या दिवशीं न्यूयॉर्क येथील शे स्टेडियम या खेळाच्या मैदानावर 'बीटल्स' या चार इंग्रज तरुणांचा कार्यक्रम झाला. श्रोते सुमारें ५५ हजार होते. मैदानावरील खेळाच्या घोषणांसाठीं बसविलेल्या कर्ण्यांतून गाण्याचा आवाज सोडलेला, आणि श्रोत्यांचा आरडाओरडा असा कीं, गाणाऱ्यांचें गाणें श्रोत्यांस ऐकूं येईना, एवढेंच नव्हे, तर गाणाऱ्यांस स्वतःचेंहि ऐकूं येईना. ड्रम वाजविणारा रिंगो स्टार पुढें सांगत असे कीं, साथीदारांच्या हालचाली पाहून गाणें कोठवर आलें तें ओळखावें लागे. मोठ्या कौतुकानें जमलेल्या हजारों लोकांची आणि त्यांच्या आवडत्या कलावंतांची अशी ही भेट. दोघांपैकीं कोणासहि दुसऱ्याचें ऐकूं आलें नाहीं! एका वर्षानें, २९ ऑगस्ट १९६६ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथील कँडलस्टिक पार्क या मैदानावर या मंडळींनीं आपल्या दौऱ्यांतील शेवटचा कार्यक्रम केला आणि जाहीर दौरे बंद केले.

येथें ध्वनीचें थोडें गणित सांगितलें पाहिजे. उघड्या मैदानांत आवाज परतवून आणावयास भिंती नसतात. श्रोता व्यासपीठापासून दुप्पट दूर गेला तर त्याच्याकडे पोंचणारी ध्वनीची तीव्रता निम्मी होत नाहीं, ती चतुर्थांश होते. तेव्हां शेवटच्या माणसास ऐकूं जावें म्हणून पुढचेच कर्णे मोठे करीत गेलें तर पहिल्या रांगेंतील माणूस बहिरा होईल. यावर उपाय म्हणून मैदानाच्या मध्यें मनोरे उभारून त्यांवर आणखी कर्णे बसवितात. पण तेथें दुसरी अडचण उभी राहते. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. व्यासपीठापासून १७० मीटरांवर उभ्या असलेल्या माणसास तो अर्ध्या सेकंदानें ऐकूं येतो. मनोऱ्यावरील कर्ण्यास मात्र तोच नाद तारेंतून तत्क्षणीं मिळतो. परिणाम असा कीं, त्या माणसास प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येतो, आणि गाण्याचा गोंधळ होतो. म्हणून मनोऱ्याकडे जाणारा नाद यंत्राच्या साहाय्यानें मुद्दाम अर्धा सेकंद आणि वर किंचित् अधिक रोखून धरतात. मग दोन्ही नाद जवळजवळ एकत्र येतात. आणि व्यासपीठाकडचा नाद अणुमात्र आधीं कानीं पडल्यामुळें गाणें समोरून, गाणाऱ्याच्या तोंडूनच येत आहे असें श्रोत्याच्या कानास वाटतें. माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मी पार मागें उभा होतों तेव्हांसुद्धां गाणारा माझ्याशींच बोलत आहे असें वाटलें." तें वाटणें या रोखलेल्या अर्ध्या सेकंदाचें फळ होतें.

आतां या मेळ्यांचा इतिहास थोडा पाहूं. कारण कलावंत आणि श्रोता यांच्यामधील अंतर किती असावें, हा प्रश्न त्यांत पदोपदीं उभा राहिलेला दिसतो.

१९६७ च्या जून महिन्यांत, १६ पासून १८ तारखेपर्यंत, कॅलिफोर्नियांतील माँटेरे या गांवीं जत्रेच्या मैदानावर मोठा संगीत-मेळा भरला. त्यांत रविवारीं दुपारीं पंडित रविशंकर यांची सतार झाली. तबल्यास उस्ताद अल्लारखाँ होते. तंतुवाद्याच्या बैठकीस न सरावलेले हजारों तरुण कित्येक तास खुर्च्यांवर स्थिर बसून राहिले, आणि शेवटीं उभे राहून त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. त्या मेळ्याचा जो चित्रपट पुढच्या वर्षीं निघाला त्यांत एक दृश्य आहे. श्रोत्यांमध्यें जिमी हेंड्रिक्स हा गिटारवादक बसलेला असून तो एकाग्रतेनें सतार ऐकत आहे. त्याच मेळ्यांत 'रोलिंग स्टोन्स' या प्रख्यात मंडळींतील ब्रायन जोन्स हा वाजविण्यास आलेला नव्हता, तर साध्या प्रेक्षकासारखा लोकांत हिंडत होता. कलावंत स्वतः श्रोता होऊन शेजारीं बसतो, हीच त्या मेळ्याची खरी शोभा मला वाटली. परंतु त्याच रात्रीं हेंड्रिक्सनें वादनाच्या शेवटीं आपल्या गिटारीस आग लावली. वाद्यास देवासमान मानणाऱ्या रविशंकरांस ती गोष्ट अतिशय खटकली, आणि तें त्यांनीं पुढें लिहूनहि ठेविलें आहे. ज्या हातांनीं सकाळीं पूजा केली त्यांनींच संध्याकाळीं मूर्ति फोडावी, तसें त्यांस झालें असावें.

दोन वर्षांनीं, १९६९ च्या ऑगस्टमध्यें, वुडस्टॉकचा मेळा भरला. नांव वुडस्टॉकचें, पण जागा तेथून कित्येक मैल दूर, न्यूयॉर्क राज्यांतील बेथेल येथील मॅक्स यास्गर या गवळ्याच्या शेताची. १५ तारखेस मेळा सुरू झाला आणि १८ तारखेस सकाळीं संपला. चार लाखांवर माणसें लोटलीं. कुंपण टिकलें नाहीं, तिकिटें तपासणें सुटलें, आणि मेळा सर्वांस मोफत असल्याचें जाहीर करावें लागलें. रस्ते असे तुंबले कीं कलावंतांस विमानाच्याच जातीच्या हेलिकॉप्टर नामक यंत्रांतून आणावें लागलें. पहिल्या दिवशीं इतर मंडळी वेळेवर पोंचेनात, म्हणून रिची हेवन्स यानेंच आरंभ केला आणि जवळचीं गाणीं संपल्यावरहि त्यास लोक उठूं देईनात. त्याच रात्रीं पावसांत रविशंकरांची सतार झाली. माँटेरेची तन्मयता त्यांस तेथें दिसली नाहीं. चिखलांत लोळणारे ते तरुण पाहून आपणांस आपल्याकडील चिखलांत बसलेल्या म्हशींची आठवण झाली, असें त्यांनीं म्हटलें आहे. सोमवारीं सकाळीं हेंड्रिक्स शेवटचा वाजविण्यास उभा राहिला तेव्हां बहुतेक लोक घरीं निघून गेले होते. ज्यानें धीर धरला त्यासच तो ऐकावयास मिळाला.

त्याच वर्षीं ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियांत आल्टमाँट येथील मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर आणखी एक मेळा भरला. जागा आयत्या वेळीं बदलली होती. पहिल्या जागीं व्यासपीठ उंचवट्यावर यावयाचें होतें, म्हणून तें बुटकें बांधलें होतें. तेंच आल्टमाँटला उताराच्या पायथ्याशीं आलें. सारी गर्दी आपल्याच भारानें व्यासपीठाकडे घसरूं लागली. राखणीस 'हेल्स एंजल्स' नांवाच्या मोटारसायकलस्वारांची टोळी ठेवली होती. व्हावयाचें तेंच झालें. 'रोलिंग स्टोन्स' गात असतां व्यासपीठासमोर एका अठरा वर्षांच्या तरुणाचा सुऱ्यानें वध झाला. कलावंताच्या जवळ जाण्याची ओढ निर्मळ असते. पण तिच्यासाठीं वाट बांधून ठेवली नाहीं तर ती प्राण घेते.

याचा दुसरा दाखला ३० जून २००० चा, डेन्मार्कांतील रॉस्किल्डे येथील मेळ्याचा. तेथें 'पर्ल जॅम' या मंडळींचें गाणें चालू असतां पुढें लोटणाऱ्या गर्दींत पडून नऊ तरुण गुदमरून मेले. कोणी कोणास मारलें नव्हतें. एका चौरस मीटरांत पांचसहा माणसांहून अधिक दाटी झाली कीं, गर्दी माणसांसारखी वागत नाहीं, ती पाण्यासारखी वाहूं लागते. मागून आलेला लहानसा रेटा पुढें मोठी लाट होऊन पोंचतो, आणि त्या लाटेंत कोणालाहि स्वतःच्या पायांवर उभें राहतां येत नाहीं. आज मोठ्या मेळ्यांत व्यासपीठापुढें जो पोलादी कठडा असतो, त्याच्या आंत जो मोकळा पट्टा असतो व त्यांत जे राखणदार उभे असतात, ते या अनुभवांनंतर अधिक काळजीनें योजले जाऊं लागले. तो कठडा पाहून, "आम्हांस कलावंतापासून दूर ठेवलें" असें तरुणांनीं म्हणूं नये. गुदमरणाऱ्यास राखणदार त्या मोकळ्या पट्ट्यांतच ओढून घेतात.

मग आज कलावंताची भेट होते तरी कोठें? माझ्या विद्यार्थ्यानें जें सांगितलें व मीं जें वाचलें त्यावरून तीन वाटा दिसतात. पहिली कठड्याची. जो सकाळपासून जागा धरून उभा राहतो, त्यास कधीं कधीं शेवटच्या गाण्याच्या वेळीं खालीं उतरलेल्या गायकाचा हस्तस्पर्श मिळतो. दुसरी पैशाची. अधिक दाम भरून रांग लावावयाची, अर्ध्या मिनिटांत छायाचित्र काढावयाचें आणि पुढें सरकावयाचें. हिला मी भेट म्हणत नाहीं. देवळांत पुजारी 'चला, चला' म्हणतो तसा तो प्रकार. तिसरी वाट मला सर्वांत चांगली वाटते. या मेळ्यांत मोठ्या व्यासपीठाशिवाय लहान लहान मंडपहि असतात, आणि आपलें वाजविणें झालें कीं कित्येक कलावंत दुसऱ्यांचें ऐकावयास तेथें जाऊन उभे राहतात. इंग्लंडांत सॉमरसेट परगण्यांत ग्लास्टनबरीचा मेळा भरतो, त्याची मूळ प्रकृति अशीच घरगुती होती. मायकेल ईव्हिस या दूधवाल्या शेतकऱ्यानें १९ सप्टेंबर १९७० रोजीं आपल्या शेतावर तो आरंभिला. एक पौंड प्रवेशमूल्य घेतलें आणि त्यांत गोठ्यांतलें दूध फुकट दिलें. त्या वेळीं सुमारें दीड हजार माणसें होतीं. पुढें तीच संख्या दोन लाखांपर्यंत गेली. तरीहि तेथें कांहीं वर्षांच्या अंतरानें एक वर्ष मेळा भरवीत नाहींत, जमिनीस विसांवा देतात. ज्या शेतकऱ्यास जमिनीचा थकवा कळतो त्याच्या घरीं पाहुण्यांची आबाळ होत नसावी.

अशा ठिकाणीं जाणाऱ्या तरुणांस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. एक, कान जपा. ध्वनि मोजण्याचें माप डेसिबल. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठीं आठ तासांपर्यंत सोसावा असा सावधगिरीचा नियम आहे; पुढें दर ३ डेसिबलांमागें ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटेंच उरतात. रॉकच्या मैफलींत १०० डेसिबल कांहीं विशेष नव्हे. यासाठीं कानांत घालण्याच्या गुडद्या मिळतात; त्या घातल्यानें गाणें कमी होत नाहीं, बहिरेपण टळतें. दुसरी गोष्ट, भेट झालीच तर काय बोलावें तें आधीं मनाशीं ठरवून ठेवा. 'आपण फार थोर आहां' हें त्यानें हजारदां ऐकलेलें असतें. त्याचें कोणतें गाणें आपणांस कां लागलें, एवढें सांगा आणि वाट मोकळी करा.

पण भेट म्हणजे केवळ समोरासमोर येणें काय? याचें उत्तर मला जॉर्ज हॅरिसनच्या चरित्रांत मिळालें. शे स्टेडियमवरील त्या चौघांपैकींच हा एक. १९६६ सालीं लंडनमध्यें त्याची व रविशंकरांची गांठ पडली आणि तो सतार शिकूं लागला. त्यानें स्वतःच सांगितलेली एक आठवण अशी. शिकवणी चालू असतां दूरध्वनि वाजला. हा उठला आणि सतार ओलांडून पलीकडे पाऊल टाकूं लागला. तेव्हां रविशंकरांनीं त्याच्या पायावर फटका मारून, वाद्याचा मान राखावयास शीक, असें बजावलें. ज्याच्या नुसत्या दर्शनासाठीं ५५ हजार लोक ओरडत होते त्यास असा फटका देणारें तोंवर कोणी भेटलें नसेल. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तो शिकण्यासाठीं मुंबईस आला आणि ताजमहाल हॉटेलांत नांव बदलून राहिला. परंतु लोकांनीं ओळखलें, दाराशीं झुंबड उडाली, आणि गुरुशिष्यांस शिकवणीसाठीं काश्मीरांत जावें लागलें. हॉटेलच्या दाराशीं आलेल्या त्या मुलामुलींस हॅरिसन दिसला असेल, पण भेटला नाहीं. आणि हॅरिसनला रविशंकर भेटले ते फटका खाल्ल्यावर. २००१ सालीं हॅरिसन वारला तोंपर्यंत ती भेट संपली नव्हती.

हें सर्व वाचून झाल्यावर मीं त्या बापलेकांस पुन्हां बोलाविलें आणि मुलास एकच प्रश्न विचारला: "तो वादक तुला भेटला तेव्हां तूं त्याला काय म्हणालास?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, बोलावयाचें पुष्कळ ठरविलें होतें. आई दवाखान्यांत होती त्या रात्रींत मी जिन्यावर बसून त्यांचें एकच गाणें ऐकत असें, हें सांगावयाचें होतें. तोंडून शब्द फुटेना. नुसतें 'आभार' म्हणालों. त्यांनीं हात हातांत घेतला आणि म्हणाले, 'तूं पार भिजला आहेस, आधीं कांहीं गरम घे.' एवढेंच झालें."

वडील खालीं मान घालून ऐकत होते. ते म्हणाले, "त्या रात्रीं मीं याला बोललों होतों, गुरुजी. आई अत्यवस्थ असतां हा कानांत गाणीं घालून बसतो म्हणून चारचौघांत बोललों होतों."

निवाडा द्यावयाचें काम मला उरलें नाहीं. पण माझीहि एक गोष्ट मीं त्यांस सांगितली, ती आपणांसहि सांगतों. पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं पुण्यास सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवास मी ऐन विशींत गेलों होतों. तेव्हां तो रात्रभर चाले. पहाटे मंडपाबाहेर एक वयोवृद्ध गायक चहा घेत उभे होते. त्यांच्या रात्रींच्या गाण्यांतील एका जागेविषयीं मला विचारावयाचें होतें. आमच्यामध्यें दहा पावलांचें अंतर होतें, कठडा नव्हता, राखणदार नव्हता. तरी मी गेलों नाहीं. आपण कोण, आपण काय विचारणार, असें वाटलें. ते गायक आज नाहींत, आणि ती जागा मला अद्याप उमगलेली नाहीं. माझ्या विद्यार्थ्यास दहा पावलांसाठीं समुद्र ओलांडावा लागला, चिखलांत उभें राहावें लागलें, आणि शेवटीं एकच शब्द बोलतां आला. माझ्या हिशेबानें त्याची महिन्याची शिल्लक वायां गेलेली नाहीं.

जातांना वडील दारांत थांबले आणि मुलास म्हणाले, "तें गाणें आहे का रे तुझ्याजवळ? लाव बघूं."

त्यानें तें लाविलें. गाणें पांच मिनिटांचें होतें. वडिलांनीं तें उभ्यानेंच शेवटपर्यंत ऐकलें. आवडलें असें ते म्हणाले नाहींत. पण 'बंद कर' असेंहि म्हणाले नाहींत.